पाइपाच्या तुकड्यातून आरसी ट्रकचा बॅटरी ट्रे

आमच्या भागात पाइपाचं तोंड तापवून त्यात दुसरा पाइप घुसवणं शाळा सोडलेल्या पोट्ट्यालाही येतं. विहिरीवरून वावरात पाणी न्यायचं, सॉकेट संपलेलं, दुकान आठ कोसांवर. मग धुऱ्यावर पऱ्हाटीचा जाळ करायचा, पाइपाचं तोंड फिरवत फिरवत तापवायचं आणि मऊ झालं की दुसऱ्या पाइपावर दाबून बसवायचं. हे ज्याला जमतं, त्याला आरसी ट्रकचा, म्हणजे रिमोटवर चालणाऱ्या खेळण्याच्या ट्रकचा, बॅटरी ट्रे जमलाच म्हणून समजा. राहतं ते मोजमाप. माझे पहिले तीन ट्रे वाया गेले, त्यातले दोन मोजमापापायीच.

माझं दुकान मोटार वाइंडिंगचं, वर्धा जिल्ह्यात सेलू तालुक्यात. सबमर्सिबल, मोनोब्लॉक, कधी पिठाच्या गिरणीची मोटर. आरसी ट्रकचा आणि माझा संबंध आला भाच्यामुळे. त्यानं पैसे साठवून एक वापरलेला १/१० स्केलचा क्रॉलर घेतला. दगडधोंड्यांवर हळूहळू चढणारा, चारही चाकं ओढणारा ट्रक असतो ना, तो. जुनी निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी मेली होती, म्हणून त्यानं नवी लिपो, म्हणजे लिथियम पॉलिमर बॅटरी, मागवली. अन् दुसऱ्याच दिवशी ट्रक काखेत घेऊन दुकानात हजर.

"मामा, बसून नाही राहिली जी."

बसणार कशी? जुन्या बॅटरीत सहा गोल सेल एका ओळीत. तिच्या ट्रेचा तळही तसाच, गोलाईचा, मधे उंचवटे. नवी लिपो म्हणजे चौकोनी वीट. ती त्या उंचवट्यांवर तिरपी बसत होती आणि पहिल्याच उतारावर बाहेर येत होती. भाच्यानं ती रबरबँडनं बांधून पाहिली होती. कंपनीचा ट्रे मागवायचा तर पैसे वेगळे आणि तो त्याच्या गाडीला लागेल याचा भरवसा नाही. म्हणून म्हटलं, आपणच करू.

सगळ्यात आधी प्लास्टिक कोणतं ते ठरवा. मी शेतीचा करडा पीव्हीसी पाइप वापरतो. पाइपावर आयएस ४९८५ छापलेलं असतं, बाहेरचा व्यास आणि दाबाचा वर्गही असतो. ९० मिलिमीटरचा, ४ किलो दाबाचा पाइप घ्या. माझ्याकडच्या तुकड्याची भिंत व्हर्नियरवर २.२ मिलिमीटर भरली. ट्रेला एवढी जाडी पुरते. ६ किलोचा पाइप जाड असतो, त्याची घडी नीट पडत नाही. कुणाच्याही वावरात नवी लाइन टाकली की हातभर तुकडे उरतात, ते मागून घ्या.

तुषार सिंचनाचे काळे पाइप असतात, ते घेऊ नका. ते एचडीपीई. दणकट आहेत, पण त्यांना कोणताच गोंद धरत नाही आणि घडीही सरळ राहत नाही. आणि फवारणीच्या औषधाच्या कॅन तर कोणत्याच कामाला घेऊ नका, मग तीन वेळा धुतल्या असल्या तरी. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-मजूर दगावले, ते आपण पाहिलं आहे. त्या कॅनचं प्लास्टिक तापवून त्याची वाफ नाकात घ्यायला खेळण्याचा ट्रक एवढा मोठा नाही.

नागपूरचा एक पोरगा माझ्याकडे थ्रीडी प्रिंटरवर काढलेला ट्रे घेऊन आला होता. दिसायला माझ्या ट्रेपेक्षा दहापट देखणा. पण पीएलएचा, म्हणजे प्रिंटरच्या नेहमीच्या प्लास्टिकचा. पीएलए साठ डिग्रीच्या आसपास मऊ पडतं. आपल्याकडे मे महिन्यात काळ्या बॉडीखाली उन्हात तेवढी उष्णता सहज होते. त्याचा ट्रे बॅटरीच्या वजनानं पोळीसारखा लोंबला होता. प्रिंटर असेल तर पीईटीजी प्लास्टिक वापरा, ते बरंच जास्त सोसतं. पीव्हीसी साधारण ऐंशीच्या आसपास मऊ पडतं, म्हणून आपलं काम भागतं. तेही कसंबसं, त्याचा किस्सा पुढे आहे.

आता मोजमाप. भाच्याची बॅटरी २ एस, म्हणजे दोन सेलची, ७.४ व्होल्ट, आखूड जातीची. लांबी ९६, रुंदी ४६, जाडी २५ मिलिमीटर. लांब जातीची साधारण १३८ लांब असते, रुंदी-जाडी जवळपास तीच. पण या आकड्यांवर विसंबू नका. व्हर्नियर लावा आणि तीन-तीन ठिकाणी मोजा, कारण स्टिकर, वायरचा उंचवटा, कडेची शिवण यानं एखादा मिलिमीटर इकडेतिकडे होतो. मी पहिला ट्रे बरोबर ४६ चा केला. बॅटरी आत गेली, छान घट्ट बसली, आणि मग बाहेरच येईना. स्क्रू-ड्रायव्हरनं उचकटायला निघालो होतो. बाजूच्या वाइंडरनं हात धरला म्हणून बरं. लिपोला स्क्रू-ड्रायव्हरचं टोक लागलं असतं तर दुकानात होळी झाली असती.

लांबी-रुंदीला प्रत्येकी दोन मिलिमीटर जास्त धरा. म्हणजे ९८ बाय ४८. टणक डब्याची बॅटरी असेल तर एवढं पुरे. मऊ पाकिटाची असेल तर ती वयानं थोडी फुगते, तिला रुंदीत अजून एक मिलिमीटर द्या आणि वर मोकळं ठेवा. आणि ढोलासारखी फुगलेली बॅटरी ट्रेमध्ये बसवायचा विचारच सोडा, ती टाकून द्या.

भिंतींची उंची बॅटरीएवढी करायची नाही. पंधरा मिलिमीटर बस्स. वरची दहा मिलिमीटर बॅटरी बाहेर राहिली की बोटांत धरता येते आणि तिला हवाही लागते. दुसऱ्या ट्रेला मी चांगल्या २५ च्या भिंती केल्या होत्या. पोरांना बॅटरी काढता येईना, ती वायरला धरून ओढायला लागली. वायर ओढून बॅटरी काढणं म्हणजे शेपटी धरून बैल उठवणं.

मोजमाप ठरलं की ठोकळा करा. खरं काम इथं आहे. बॅटरीवरच गरम प्लास्टिक गुंडाळून साचा काढतो म्हणणारे आहेत. लिपोला गरम पीव्हीसी लावायचं नाही, विषय संपला. गावातल्या सुतारकाकांकडून सागाचा ठोकळा करून घेतला, ९८ बाय ४८, उंची तीस. कडा गुण्यात, पण खालच्या-वरच्या धारा पॉलिश पेपरनं किंचित मारलेल्या, नाहीतर घडीवर प्लास्टिक चिरतं. त्याच मापाची एक फळीही घ्या, साधारण वीस मिलिमीटर जाड. ती वरून दाबायला लागेल.

मग पाइपाचा पत्रा. पाइपाचा १४ सेंटिमीटर लांब तुकडा कापा. ट्रेला १३ लागतात, पण पाइप पुन्हा तापला की लांबीत थोडा आखडतो. कारखान्यात तो ओढून बनवलेला असतो, त्याची ती जुनी ओढ सुटते. तुकड्याला एका बाजूनं उभा, हेक्सॉ ब्लेडनं चीर पाडा. ९० च्या पाइपाचा घेर उलगडला की साधारण २७ सेंटिमीटर रुंद पत्रा मिळतो. एका ट्रेला ८५ मिलिमीटर रुंदी लागते, म्हणजे एका तुकड्यात तीन ट्रे. दोन बिघडवायची मुभा आहे.

तापवायला जाळावर धरू नका. धुऱ्यावर आपण तसंच करतो हे मलाही माहीत आहे, पण तिथं वारा असतो. मी पहिला तुकडा दुकानाच्या मागे पऱ्हाटीच्या जाळावर धरला, कड पिवळी पडून काळी झाली आणि जो धूर आला त्यानं दिवसभर घसा खवखवला. पीव्हीसी जळलं की हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ सुटते. नाकाला वाईट आणि जवळच्या लोखंडालाही वाईट, आठवडाभरात हत्यारं गंजली. त्यापेक्षा तेलाचा रिकामा पिपा घ्या, अर्धा पाणी भरा, खळखळ उकळू द्या. स्वयंपाकाचा गंज (पातेलं) घेऊ नका. मी घेतला होता, त्यावरून घरात जे ऐकलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

चीर पाडलेला तुकडा उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटं बुडवा. सांडशीनं उचलला की चामड्यासारखा लवतो. जाड सुती हातमोजे घालून लगेच सपाट फरशीवर उलगडा, वर दुसरी फरशी ठेवा आणि वर वजन. माझ्याकडे जुन्या मोटरचा स्टेटर आहे, तो ठेवतो. तुमच्याकडे पाट्याचा दगड असेल. आता चहा प्या. अर्धवट थंड असताना उचललात तर पत्रा पुन्हा गोल व्हायला बघतो. पीव्हीसीची आठवण फार पक्की, आपण पाइप होतो हे ते विसरत नाही. पूर्ण थंड झाला की सपाट राहतो. एका वेळेत नाही जमलं तर पुन्हा बुडवा, बिघडत काही नाही.

पत्र्यातून १३० बाय ८५ चा तुकडा कापा. मधोमध ठोकळा ठेवून चहुबाजूंनी पेन्सिलनं आखा. लांबीच्या दोन्ही टोकांना सोळा-सोळा मिलिमीटर उरेल आणि बाजूंना साडेअठरा. चारही कोपऱ्यांतले चौकोन कापून टाका, मिठाईच्या पुठ्ठ्याच्या डब्यासारखे. कापायच्या आधी प्रत्येक आतल्या कोपऱ्यावर ३ मिलिमीटरचं भोक पाडा आणि आरी त्या भोकापर्यंतच आणा. भोक नसेल तर घडी घालताना तिथूनच चीर धावते. तिसरा ट्रे माझा असाच गेला, फटकन आवाज करून.

याच वेळी तळाची भोकंही पाडून घ्या, सपाट असताना सोपं जातं. बॅटरी आवळायच्या पट्ट्यासाठी चार खाचा: दोन पुढच्या तिसऱ्या भागात, दोन मागच्या, भिंतीच्या रेषेपासून आत दोन मिलिमीटर. २० मिलिमीटरची वेल्क्रो पट्टी असेल तर खाच २२ लांब आणि ४ रुंद. ४ च्या ड्रिलनं ओळीनं भोकं पाडा आणि बारीक कानशीनं जोडा. कडा बोटानं चाचपा. धार राहिली तर महिन्याभरात पट्टा कापला जातो. शिवाय तळाला पाच-सहा भोकं पाणी निघायला. आपली काळी माती एकदा आत बसली की वाळून विटेसारखी होते. भोकं असली तर निदान धुता येते.

आता घडी. ठोकळा टेबलावर, त्यावर पत्रा आखलेल्या रेषांवर जुळवून, त्यावर फळी, आणि सगळं दोन सी-क्लॅम्पनी आवळा. क्लॅम्प टोकांकडे लावा, लांब बाजू मोकळ्या राहिल्या पाहिजेत. उकळत्या पाण्यानं इथं भागत नाही, घडीची रेषाच तापायला हवी. वाइंडिंगच्या स्लीव्ह आवळायला माझ्याकडे हीट गन, म्हणजे गरम हवा फेकणारी बंदूक, असते. ती नसेल तर गावात मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे मिळते. गन चार बोटं लांब धरा आणि रेषेवर सतत मागेपुढे फिरवा. एका जागी थांबलात की फोड येतो आणि पिवळं पडतं. दार उघडं ठेवा. पत्र्याची बाहेर आलेली बाजू स्वतःच थोडी खाली झुकायला लागली की समजा वेळ झाली. लाकडी पट्टीनं ती ठोकळ्याच्या अंगाला एका दमात खाली दाबा, बोटांनी नाही. बोटांनी दाबली की लाटा येतात. दाबून ठेवूनच वर ओलं फडकं फिरवा. हात सोडायची घाई केली तर घडी पाच-दहा डिग्री उघडते आणि मग ट्रे परातीसारखा पसरट होतो.

लांब बाजू झाल्या की क्लॅम्प बाजूंवरून फिरवून घ्या आणि टोकं तशीच वाकवा. पुढचं टोक पंधरा उंच ठेवा, मागचं कापून फक्त सहा ठेवा, म्हणजे बॅटरी मागून तिरपी घालून पुढे सरकवता येते. बाजूच्या भिंतीही पंधरावर आखून कापा. ज्या कोपऱ्यातून वायर निघते तिथली भिंत अर्धगोल खाचा. कोपरे चिकटवू नका. मी सॉल्व्हंट सिमेंटनं (पाइप जोडायच्या गोंदानं) ते बंद करून पाहिले. दिसतात छान, पण चिखल आत अडकतो आणि ट्रेला जरा लवायला जागा उरत नाही. उघडे कोपरे बरे. सॉल्व्हंट सिमेंट लागतं ते एकाच जागी: खाचांच्या खालून उरलेल्या पत्र्याची दहा मिलिमीटरची पट्टी जोडायला, कारण पट्ट्याचा सगळा ताण तिथं येतो. दोन्ही पृष्ठभाग पॉलिश पेपरनं घासा, लावा, दाबा आणि एक दिवस हात लावू नका. झटपट गोंद इथं चालत नाही, धक्क्यानं खपलीसारखा निघतो.

ट्रे झाला, पण बसवायचा कुठं? भाच्याच्या गाडीत जुना ट्रे मागे होता. चढावर वजन आधीच मागे जातं, त्यात बॅटरीही मागे, म्हणून गाडी पुढून उचलायची आणि उताणी पडायची. बॅटरी किराणा दुकानाच्या काट्यावर १९० ग्रॅम भरली. क्रॉलरमध्ये एवढं वजन पुढच्या अ‍ॅक्सलवर आणि जमेल तितकं खाली आणलं की गाडी दुसरीच होते. बैलगाडीत भार जुवाकडे ठेवला की बंडी उलार होत नाही, तेच. उड्या मारणारा पळता ट्रक असेल तर मात्र बॅटरी मध्यावरच ठेवा.

जागा ठरवताना तीन गोष्टी हातानं तपासा: चाकं पूर्ण डावी-उजवी वळवून, सस्पेन्शन पूर्ण दाबून, आणि बॉडी वर बसवून. बॉडी आणि बॅटरीत किती फट आहे ते डोळ्यांना दिसत नाही. मी बॅटरीवर प्लास्टिकचा कागद टाकून त्यावर कणकेच्या तीन गोळ्या ठेवतो आणि बॉडी दाबून बसवतो. काढल्यावर सगळ्यात चपट्या गोळीची जाडी मोजा. तीन मिलिमीटरच्या खाली असेल तर ट्रे उतरवा.

भोकांची जागा काढायला चेसिसच्या स्क्रूच्या खांबांवर थोडं ग्रीस लावा आणि ट्रे वरून टेकवा, तळाला ठिपके उमटतात. तिथं ३.२ चं भोक. स्क्रू एम ३, आणि डोकं चपटं, काउंटरसंक. बॅटरीच्या बाजूला स्क्रूचं डोकं किंवा टोक पृष्ठभागाच्या वर येता कामा नये. मोठ्या ड्रिलनं भोकाचं तोंड हातानं फिरवून खोलगट करा, स्क्रूचं डोकं आत बुडलं पाहिजे, आणि तळावर पातळ फोमची पट्टी चिकटवा. या एका गोष्टीत कंटाळा करू नका. धक्के खाताना बॅटरी त्याच टोकावर शेकडो वेळा आपटते. ट्रे आणि चेसिसमध्ये तीन मिलिमीटरचे वॉशर ठेवा, म्हणजे पट्टा तळाखालून जाईल. स्क्रू कचकचून आवळू नका, पीव्हीसी चिरतं.

चाचणी: बॅटरी घाला, पट्टा आवळा, गाडी उलटी करून जोरात हलवा. खुटखुट आवाज आला तर भिंतीला आतून फोमची पट्टी लावा. मग वायर बघा, ती गिअरजवळ किंवा फिरत्या शाफ्टजवळ लोंबत नको. आणि भाच्याला घड्याळ लावून बॅटरी काढून परत बसवायला सांगा. पंधरा सेकंदांच्या वर लागले तर पोरं बॅटरी गाडीतच ठेवून चार्ज करतात, आणि ते होऊ द्यायचं नाही. चार्जिंग बॅटरी बाहेर काढून, फरशीवर, बॅलन्स वायर (सगळे सेल सारखे भरणारी) लावून, समोर बसून. सेल ४.२ व्होल्टच्या वर नाही, चालवताना ३ च्या खाली नाही, ठेवून द्यायची तर ३.८ च्या आसपास. लिपो साधारण ४५ डिग्रीच्या वर चार्ज करत नाहीत आणि मे महिन्यात आमच्याकडे सावलीतच तेवढं असतं. म्हणून उन्हाळ्यात चार्जिंग पहाटे. तेव्हा लाइटही असते.

तो राहिलेला किस्सा. मे महिन्यात भाच्यानं बॅटरी काढून ठेवली, इथवर शहाणपणा. पण पट्टा रिकाम्या ट्रेवरून करकचून आवळला आणि गाडी टिनाच्या शेडवर वाळवणाच्या बाजूला ठेवली, दुपारभर. संध्याकाळी पाहतो तर दोन्ही भिंती आत आलेल्या, ट्रेचा पळसाच्या पानाचा द्रोण झालेला. मी ट्रे खोलला, ठोकळ्यावर उलटा घातला, हीट गन फिरवली, ओलं फडकं फिरवलं. दहा मिनिटांत जसाच्या तसा. पाइपाचा ट्रे करण्याचा मला सगळ्यात मोठा फायदा हाच वाटतो. आता पट्टा सैल सोडून ठेवायचा असा नियम आहे.

तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या पोरांच्या लाकडी नंदीच्या सणाला, भाच्यानं त्या ट्रकला लाकडी नंदी बांधला. नंदी हातभर उंच, चाकांचा. सिंदी रेल्वे गावाला माणसाएवढाले नंदी निघतात, त्यांना ओढायला मात्र खरा ट्रॅक्टरच पाहिजे. देवळापर्यंत ट्रकनं नंदी ओढत नेला, मधे पावसाचा चिखल होता तरी. आजीनं ओवाळताना ट्रकलाही कुंकू लावलं. दुसऱ्या दिवसापासून चार पोरं दुकानात, प्रत्येकाची बॅटरी वेगळ्या मापाची. म्हणून ठोकळा फेकू नका. बाजूवर बॅटरीचं माप, पाइपाचा नंबर आणि भिंतीची उंची पेन्सिलनं लिहून, भोक पाडून खिळ्याला टांगा. माझ्याकडे सध्या पाच टांगलेले आहेत, आणि सहावा सुतारकाकांकडे पडून आहे, कारण त्यांचं पोळ्याच्या आधीच्या बैलांचं रंगकाम अजून उरकलं नाही म्हणतात.